नाकाशी सूत आणि मनगटावर बोट



माणूस आहे की गेला हे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. वैद्य मनगटावर बोट ठेवतो. घरातील वडीलधारी बाई नाकाशी सूत धरते. नाकाशी सूत धरणे हा वाक्प्रचार तर इतका रुळला आहे की, एके काळी ते सूत खरोखर धरीत असत हेही आपण विसरून गेलो आहोत. बहुतेक मरणांत ह्या दोन्ही परीक्षांचा निकाल थोड्याच अंतराने एकच लागतो; म्हणून आधी काय थांबले आणि मागून काय, असा प्रश्न बिछान्याभोवती बसलेल्यांपैकी कोणी विचारीत नाही. परंतु काही मरणे अशी असतात की तेथे बोटाखाली नाडी लागते आणि सूत मात्र हालत नाही. हे अंतर अवघे काही मिनिटांचे. शरीरशास्त्राला त्याचा उलगडा व्हावयास दीड शतकाहून अधिक काळ लागला, आणि अखेरीस तो मानेच्या वर, मेंदूच्या देठात, साध्या डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या काही कुलपांत सापडला. आज आम्हांला त्या शोधाचा इतिहास सांगावयाचा आहे.

प्रारंभ आम्ही मुंबईच्या गिरणगावापासून करतो. 1920 नंतरच्या दशकात गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणांविषयी आणि बालमृत्यूंविषयी ज्या चौकश्या झाल्या, त्यांत बाळगोळीचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. बाळगोळी म्हणजे अफू घातलेली लहानशी गोळी. भोंगा झाला की आई कामावर जावयाची. तत्पूर्वी ती गोळी तान्ह्याच्या तोंडात पडावयाची. मग बाळ रडत नसे, दूध मागत नसे. पडल्या जागी झोपून राही. ह्या आयांना निर्दय म्हणणे सोपे आहे. आम्ही ते म्हणणार नाही. दहा-दहा तास सांच्यावर उभे राहावयाचे, चाळीच्या खोलीत मूल बघावयास कोणी नाही, आणि खाडा केला तर पगार नाही, अशा स्थितीत त्या बायांनी जे केले ते त्या काळी हजारो घरांत चालत होते. इंग्लंडातील गिरणगावांतही त्याच्या आधीच्या शतकात मजुरांच्या मुलांना अफूची औषधे अशीच पाजीत असत. परंतु गोळीचे प्रमाण कोण मोजणार? आणि तान्ह्या मुलाला अफू मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त बाधते. कधी गोळी थोडी मोठी होई, आणि संध्याकाळी आई परत येई तो बाळाच्या डोळ्यांतील बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, ओठ निळे, एक श्वास आत्ता तर दुसरा किती तरी वेळाने. छातीला हात लावला तर आत टिकटिक चालूच.

अफू श्वास थांबवते आणि नाडी सोडून देते, असे का? दोन्ही गोष्टी जर प्राणाच्याच खुणा, तर एकीवर घाला आणि दुसरीला अभय, हा भेद कोठून आला?

आपल्या उपनिषदांत इंद्रियांच्या भांडणाची एक कथा आहे. श्रेष्ठ कोण ह्यावरून वाद झाला. वाणी, दृष्टी, श्रवण एकेक करून वर्षभर बाहेर राहून आली आणि देहाचे चालू राहिले. प्राण निघावयास लागला तेव्हा मात्र सगळ्यांचीच मुळे उखडली. कथा फार सुंदर आहे. तिच्यावरून आपल्या ऋषींना मेंदूच्या देठाची रचना ठाऊक होती असा निष्कर्ष काढणारे लोक आहेत. त्यांच्याशी आमचे जमत नाही. कथेने प्रश्न अचूक मांडला एवढे श्रेय पुष्कळ झाले. उत्तर मिळविण्यासाठी सुरी हाती घ्यावी लागली, आणि ती पहिल्याने ज्यांनी घेतली त्यांत गेलेन हा ग्रीक वैद्य होता. दुसऱ्या शतकात पर्गामम शहरी तो ग्लॅडिएटरांच्या जखमा बांधीत असे. जनावरांवर प्रयोग करून त्याने दाखविले की, पृष्ठरज्जू मानेत अगदी वर छेदला तर श्वास तत्काळ थांबतो. तोच मानेच्या तळाशी छेदला तर हातपाय लुळे पडतात, पण छाती व पोट ह्यांमधील श्वासपटल हलत राहते. म्हणजे श्वासाचा हुकूम वरून येतो, हे त्याला समजले. त्यानंतर सोळाशे वर्षे ह्या वाटेवर फारसे कोणी पुढे गेले नाही.

1812 साली पॅरिसमध्ये लगाल्वा नावाच्या डॉक्टराचा एक ग्रंथ निघाला. त्याने सशाचा मेंदू पुढून मागे असा चकतीचकतीने कापीत नेला. मोठा मेंदू गेला, श्वास चालू. लहान मेंदू गेला, तरी चालू. मग सुरी लंबमज्जेपर्यंत, म्हणजे मेंदू जेथे निमुळता होऊन पाठीच्या कण्यात उतरतो त्या भागापर्यंत, आली. आणि व्हेगस नावाच्या मज्जातंतूच्या मुळांपाशी एका चकतीबरोबर श्वास एकदम बंद पडला. फ्लूरॉन्स ह्या त्याच्या मागून आलेल्या संशोधकाने ही जागा आणखी आवळीत आणली, ती टाचणीच्या डोक्याएवढी असल्याचे सांगितले, आणि तिला प्राणगाठ असे अर्थाचे फ्रेंच नाव दिले. त्या सशांचे काय झाले हा प्रश्न श्रोत्यांपैकी काहींच्या मनात आला असेल. आमच्याही मनात तो येतो. ह्या इतिहासात जनावरांचे हाल पुष्कळ आहेत आणि ते झाकून ठेवण्यात काही प्रतिष्ठा आहे असे आम्हांस वाटत नाही.

श्वासाची जागा सापडली, मग हृदयाची? येथे निसर्गाने गंमत करून ठेवली होती. बेडकाचे हृदय कापून बशीत ठेवले तरी ते काही काळ उडत राहते, हे पुष्कळांनी पाहिले होते. त्याला मेंदूची गरजच नाही. 1845 साली वेबर बंधूंनी नेपल्स येथील शास्त्रज्ञांच्या सभेत एक विलक्षण गोष्ट जाहीर केली: व्हेगस मज्जातंतूला विजेने चाळविले तर हृदय मंदावते आणि शेवटी थांबते. मज्जातंतू चाळविला की स्नायू हालतो एवढेच तोपर्यंत लोकांना माहीत होते. चाळविल्याने एखादी गोष्ट थांबते, हा विचारच नवा होता. व्हेगस म्हणजे लॅटिनमध्ये भटका. मेंदूच्या देठातून निघून मानेतून, छातीतून, थेट पोटापर्यंत हा भटकत जातो. पुढे 1907 मध्ये कीथ आणि फ्लॅक ह्या दोघांनी हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात ठोक्याचा उगम असलेली गाठ दाखवून दिली आणि चित्र पुरे झाले. हृदयाचा घोडा स्वतःच्या पायांनी धावतो. मेंदूच्या हातात फक्त लगाम आहे. श्वासाची गोष्ट उलटी. फुप्फुसे स्वतः काहीच करीत नाहीत. प्रत्येक श्वास, दिवसाला सुमारे वीस हजार, मेंदूच्या देठातून हुकूम सुटल्यावाचून आत येत नाही. तेव्हा देठ झोपला, की लगाम सुटलेला घोडा धावत राहतो आणि श्वास जागच्या जागी थांबतो. मग रक्तातील प्राणवायू संपत आला म्हणजे घोडाही पडतो. नाडी आणि सूत ह्यांमधले अंतर ते हेच.

ह्या अंतरावरून एकोणिसाव्या शतकात मोठे भांडण झाले, आणि त्याचा सर्वांत रंगलेला अंक आपल्या शेजारी, हैदराबादेत, घडला. मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता, हे सांगावयास नको. 1847 च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म वापरात आणले, आणि 1848 च्या जानेवारीत न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचे नख काढताना त्याच क्लोरोफॉर्मने मेली. ती श्वास थांबून मेली की हृदय थांबून? ह्यावर लंडन आणि एडिंबरो ह्यांचे दोन तट पडले. लंडनवाले म्हणत, नाडीवर बोट ठेवा. एडिंबरोवाले म्हणत, नाडी विसरा, श्वास पाहा. एडिंबरोत शिकलेले एडवर्ड लॉरी हे हैदराबादेस रेसिडेन्सी सर्जन होते आणि तेथील वैद्यकशाळेचे मुख्य होते. श्वासावर नजर ठेवली तर क्लोरोफॉर्मने माणूस मरूच शकत नाही, असा त्यांचा ठाम दावा. 1888 मध्ये त्यांनी एक कमिशन बसविले आणि कुत्र्यांवर प्रयोग करून आपले म्हणणे सिद्ध झाल्याचे जाहीर केले. लंडनच्या लॅन्सेट पत्राने ते मानले नाही. तेव्हा निजाम सरकारने एक हजार पौंड देऊ केले आणि लॅन्सेटला सांगितले की, तुमचाच माणूस पाठवा. 1889 साली लॉडर ब्रंटन हे नामांकित औषधशास्त्रज्ञ आले. जवळजवळ पाचशे जनावरे, त्यांत कुत्री, माकडे, शेळ्या, घोडेसुद्धा, ह्या कामी आली. ह्याच वैद्यकशाळेत शिकलेल्या आणि क्लोरोफॉर्म देण्यात तरबेज झालेल्या रूपाबाई फर्दुनजी ह्या कमिशनाच्या कामात होत्या. भूल देणाऱ्या जगातील पहिल्या काही स्त्रियांत त्यांची गणना होते. ब्रंटन येताना हृदयाच्या बाजूचे होते. प्रयोग संपले आणि त्यांनी लंडनला तार केली, तिचा आशय असा की धोका गुदमरण्याचा आणि अतिमात्रेचा आहे. हृदयाला प्रत्यक्ष धोका मुळीच नाही.

लॉरींचा जय झाला. क्लोरोफॉर्मने माणसे मात्र मरतच राहिली. 1911 साली लंडनमध्ये गुडमन लेव्ही ह्यांनी मांजरांवर दाखविले की, भूल हलकी असताना, शरीरात अॅड्रेनलिन उसळलेले असताना, क्लोरोफॉर्ममुळे हृदय ठोके सोडून नुसते थरथरू लागते आणि मरण क्षणात येते. घाबरलेली पंधरा वर्षांची मुलगी आणि हैदराबादेतील टेबलावर गाढ भूल दिलेला कुत्रा, ही दोन प्रकरणे एक नव्हती. मात्रा वाढत गेली तर लॉरी खरे; भीती आणि अर्धवट भूल असेल तर लंडनवाले खरे. आमच्या मते लॉरींची चूक प्रयोगात नव्हती. आपण काय विचारले नाही, हे त्यांनी पाहिले नाही.

आता आम्ही श्रोत्यांना एक लहानसा प्रयोग करावयास सांगतो. त्यात कोणालाही इजा नाही. उजव्या हाताची बोटे डाव्या मनगटावर ठेवा आणि सावकाश, खोल श्वास आत घ्या. मग तितक्याच सावकाश सोडा. श्वास आत जाताना नाडी किंचित भरभर चालते, बाहेर येताना मंदावते. तरुणांना हे स्पष्ट कळेल. आमच्या वयाच्या मंडळींना कदाचित कळणार नाही, त्यांनी घाबरू नये. 1847 साली लुडविग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हा चढउतार फिरत्या नळकांड्यावर नोंदवून ठेवला. श्वास आणि नाडी ह्या दोन स्वतंत्र नोकऱ्या असल्या तरी साहेब एकच आहे, अशी ही उघड खूण. त्या साहेबाकडे बातम्याही एकाच वाटेने जातात. 1868 मध्ये व्हिएन्नात हेरिंग आणि ब्रॉयर ह्यांनी दाखविले की, फुप्फुस फुगले की व्हेगसमधून वर्दी जाते आणि श्वास घेणे थांबते. हेच ब्रॉयर पुढे फ्रॉइडचे सहकारी म्हणून प्रसिद्ध झाले. बेल्जममधील घेंट येथे हेमान्स पितापुत्रांनी कुत्र्यांवर प्रयोग करून सिद्ध केले की, मानेत, जबड्याच्या कोनाखाली, धमनीला फाटा फुटतो तेथे रक्ताचा दाब आणि रक्तातील प्राणवायू मोजणारी चौकी आहे. तिच्या वर्दीवरून श्वास आणि नाडी दोन्ही बदलतात. मुलाला 1938 चे नोबेल पारितोषिक मिळाले. 1955 साली आपल्या अवतारसिंग पेंटल ह्यांनी फुप्फुसातील केशवाहिन्यांलगतची आणखी एक चौकी शोधून काढली. तिला जे-रिसेप्टर म्हणतात. फुप्फुसात पाणी साचू लागले की ती चौकी ओरडते, श्वास उथळ आणि भरभर होतो.

चौक्या सापडल्या, तारा सापडल्या, साहेबाची कचेरी सापडली. पण तारेच्या टोकाला निरोप पोचतो कसा? विजेची ठिणगी उडते, असे बहुतेकांचे मत होते. 1905 साली केंब्रिजच्या लँग्लीने निकोटिन आणि क्युरारे ही दोन विषे एकमेकांविरुद्ध खेळविली आणि असा तर्क केला की, पेशींवर काही ग्रहण करणारे द्रव्य असावे. एक विष त्यात बसून चालना देते, दुसरे बसून वाट अडविते. जर्मनीत पॉल एर्लिख वेगळ्या वाटेने ह्याच कल्पनेशी आला होता. इंग्रजीत ह्याला रिसेप्टर म्हणू लागले. आपल्याकडे शास्त्रीय परिभाषेत ग्राही म्हणतात. आम्ही कुलूप म्हणू. किल्ली दिसत होती, कुलूप कोणी पाहिले नव्हते.

ग्राझ येथील ऑटो लोवी ह्यांची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. रात्री स्वप्नात प्रयोग सुचला, अर्धवट जागेपणी चिठोऱ्यावर लिहिला, सकाळी अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडले तेव्हा ते तसेच उठून प्रयोगशाळेत गेले. एका बेडकाच्या हृदयाचा व्हेगस चाळविला, ते मंदावले. त्याभोवतालचे पाणी दुसऱ्या हृदयावर घातले, तेही मंदावले. म्हणजे मज्जातंतूने काहीतरी द्रव्य सोडले होते. 1921 साली प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगातील तो निरोप्या म्हणजे अॅसिटिलकोलिन, हे पुढे हेन्री डेल ह्यांच्या कामामुळे निश्चित झाले आणि दोघांना 1936 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. दोन वर्षांनी नाझी ऑस्ट्रियात शिरले. लोवी ज्यू होते. त्यांना तुरुंगात टाकले. तेथून त्यांनी एका पोस्टकार्डावर आपले शेवटचे निष्कर्ष लिहून मासिकाकडे पाठविण्याची परवानगी मिळविली. पारितोषिकाची रक्कम नाझींच्या बँकेत भरून घेतल्यावर त्यांना देश सोडू दिला.

हा झाला हृदयाकडचा, म्हणजे तारेच्या खालच्या टोकाचा निरोप्या. वरच्या टोकाला, देठातील कचेरीत, कोणते निरोपे वावरतात हे कळावयास आणखी अर्धे शतक गेले. आज आपल्याला एवढे सांगता येते. मानेतील आणि फुप्फुसातील चौक्यांच्या वर्द्या लंबमज्जेतील एका केंद्रात येतात आणि तेथे ग्लुटामेट नावाचे द्रव्य त्या पुढे पोचविते. 1980 साली हे पहिल्याने दाखविले गेले. ग्लुटामेट म्हणजे निरोप्यांतील घाईचा माणूस, जाईल तेथे उठवितो. गाबा आणि ग्लायसिन हे दुसरे दोन, ते बसवितात. आपण श्वास आत घेता तेव्हा देठातील श्वासाच्या पेशी व्हेगसच्या पेशींवर गाबा-ग्लायसिन सोडतात. लगाम सैल पडतो. नाडी भरभर चालते. मघाशी मनगटावर जे लागले ते हेच. देठातील कुलपांवरून हृदय आवरता येते, हे तर एका सर्दीवरून कळले म्हणतात: जर्मनीत 1962 च्या सुमारास नाक मोकळे करण्यासाठी क्लोनिडिन नावाचे औषध तयार केले, आणि ते नाकात घातलेली एक कर्मचारी बाई जवळजवळ दिवसभर झोपून राहिली, तिची नाडी आणि रक्तदाब खाली आले. सर्दीचे औषध रक्तदाबाचे झाले.

आता पुन्हा अफूकडे. अफूतील मॉर्फिन जर्मनीच्या झेर्ट्युर्नर ह्या औषधविक्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वेगळे काढले होते. ते कोणत्या कुलपात बसते? 1973 साली बाल्टिमोर, न्यूयॉर्क आणि उप्साला अशा तीन ठिकाणी निरनिराळ्या मंडळींनी ते कुलूप दाखविले. बाल्टिमोरचे काम कँडेस पर्ट ह्या तरुण विद्यार्थिनीचे आणि सॉलोमन स्नायडर ह्यांचे. पण मेंदूत खसखशीच्या बोंडासाठी कुलूप कशाला असेल? शरीर आपली स्वतःची किल्ली बनवीत असले पाहिजे. 1975 मध्ये अॅबर्डीनला ह्यूज आणि कॉस्टरलिट्स ह्यांनी डुकरांच्या मेंदूतून ती काढली आणि एन्केफॅलिन असे नाव दिले. म्हणजे वेदना सोसण्याचा बंदोबस्त शरीरात आधीपासूनच होता. अफूने चोरकिल्ली वापरली एवढेच.

ही कुलपे वेदनेच्या वाटेवर आहेत, आणि श्वासाच्या कचेरीतही आहेत. त्या कचेरीतील नेमके टेबल 1991 साली जेफ्री स्मिथ, जॅक फेल्डमन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी सांगितले. नवजात उंदराच्या देठाची अगदी पातळ चकती कापून द्रावणात ठेवली तरी तिच्यातील काही पेशी श्वासाची लय धरून राहतात. म्हणजे लगाल्वाचीच चकतीची युक्ती, पण आता चकती बाजूला टाकण्याऐवजी तिलाच जिवंत ठेवून ऐकले. ह्या जागेचे नाव प्री-बोट्सिंगर. बोट्सिंगर हे जर्मनीतील एका गावची वाइन. शास्त्रज्ञांच्या मेजवानीत तिची बाटली टेबलावर होती, तेव्हा फेल्डमन ह्यांनी शेजारच्या भागाला ते नाव देऊन टाकले आणि ते चिकटले. प्राणगाठीला वाइनच्या बाटलीवरून नाव मिळावे ह्याचे आम्हांस वाईट वाटत नाही. फ्लूरॉन्स फ्रेंच होता, त्यालाही वाटले नसते. ह्या पेशी एकमेकींना ग्लुटामेटने जागवितात. सब्स्टन्स-पी नावाचे द्रव्य त्यांचा वेग वाढविते. आणि त्यांच्यापैकी पुष्कळींवर अफूचे कुलूप आहे. त्यात मॉर्फिन फिरले की पेशीतील पोटॅशियमची दारे उघडतात, पेशी थंडावते, शेजारणीला निरोप धाडीत नाही. जवळच, देठाच्या थोड्या वरच्या भागातही अशी कुलपे आहेत. 1996 साली ज्यांना हे कुलूपच नाही असे उंदीर तयार करण्यात आले. त्यांची वेदना मॉर्फिनने कमी झाली नाही आणि पुढील प्रयोगांत त्यांचा श्वासही मॉर्फिनने दबला नाही. 2020 च्या सुमारास केवळ ह्या दोन ठिकाणची कुलपे काढून पाहिली, तेव्हा श्वासाचा दबाव पुष्कळ कमी झाला. गिरणगावातील बाळाचे ओठ निळे का पडत, ह्याचे उत्तर ते हेच: गोळी हृदयाच्या लगामाजवळ गेली असेल-नसेल, पण श्वासाचा हुकूम सोडणाऱ्या टेबलावरचे कारकून तिने झोपविले होते.

तान्ह्या बाळांविषयी आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण तिच्यात अफू मुळीच नाही. धडधाकट मूल रात्री झोपते आणि सकाळी उठत नाही, अशी मरणे सर्व देशांत होतात, आणि शेजारपाजार आईकडे संशयाने पाहतो. 1990 नंतर इंग्लंड-अमेरिकेत मुलांना पालथे न निजवता उताणे निजवा असा प्रचार झाला आणि ही मरणे निम्म्याहून कमी झाली. पालथ्या मुलाच्या नाकाशी त्याचाच उच्छ्वास साचतो. कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जुन्या क्रमिक पुस्तकांतला कर्बाम्लवायू, वाढतो. तो वाढला की श्वास जोरात चालावा, हे 1905 मध्ये हॉल्डेन आणि प्रीस्टली ह्यांनी दाखविलेच होते. शिवाय मूल जागे होऊन मान वळविते. 2006 साली बॉस्टनच्या संशोधकांनी अशा दगावलेल्या मुलांचे देठ तपासले, तेव्हा त्यांतील पुष्कळांत सेरोटोनिन ह्या निरोप्याची एक प्रकारची कुलपे कमी आढळली. सर्वच मरणांचा उलगडा ह्याने झाला असे नाही. परंतु आईने काही केले नव्हते, एवढे सांगावयास कोणालातरी पुरावा मिळाला.

आता राहिले ते नॅलॉक्झोन. 1961 साली न्यूयॉर्कमध्ये जॅक फिशमन आणि मोझेस लेवेनस्टाइन ह्यांनी मॉर्फिनच्याच घराण्यातील ह्या द्रव्याचे पेटंट मागितले; 1971 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ही अशी किल्ली आहे की कुलपात घट्ट बसते पण फिरत नाही. आधी बसलेल्या मॉर्फिनला किंवा हेरॉइनला ती बाहेर ढकलते. निळा पडलेला माणूस, नाडी लागते आहे, सूत हालत नाही. नॅलॉक्झोन टोचले की एकदोन मिनिटांत छाती वर उचलली जाते. नाडी आणि सूत ह्यांमधील त्या थोड्या मिनिटांत करता येण्यासारखे काही असते, हे ह्या औषधाने प्रत्यक्ष दाखविले. तरीही ते हाताशी असावे लागते. 2022 साली एकट्या अमेरिकेत अफूवर्गातील द्रव्यांनी, मुख्यतः प्रयोगशाळेत बनलेल्या फेंटॅनिलने, ऐंशी हजारांहून अधिक माणसे मेली. नाकात फवारण्याचे नॅलॉक्झोन तेथे डॉक्टराच्या चिठ्ठीवाचून मिळण्यास 2023 साल उजाडले. फिशमन 2013 मध्ये वारले. त्यांचा सावत्र मुलगा त्यांच्या आधी दहा वर्षे, 2003 साली, हेरॉइनची मात्रा जास्त होऊन मेला होता.

आणि ह्या किल्लीलाही मुदत आहे. साधारण तासाभरात, कधी त्याहून लवकर, नॅलॉक्झोन कुलपातून निघू लागते. रक्तात अफूचा अंश तोपर्यंत उरला असेल तर तो पुन्हा त्या जागी येऊन बसतो आणि जागा झालेला माणूस नकळत परत झोपेत जातो. म्हणून तो उठून बसला, बोलू लागला, पाणी मागू लागला, तरी त्याला लगेच घरी जाऊ देत नाहीत. पुढचे काही तास कोणीतरी खाटेशेजारी बसून त्याचे श्वास मोजीत राहते.